नोराचा निरोप, हेल्मरचा शब्द : नौपाड्यातील एक नाट्यवाचन

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या छोट्या खासगी वाचनालयात महिन्यातून एका शनिवारी नाट्यवाचन होते. नाटकाचा केवळ शेवटचा प्रवेश वाचायचा आणि पडदा पडल्यावर त्यातील शब्दांचे पुढे काय होते यावर बोलायचे, अशी तिथली रीत आहे. शुल्क चहासह १०० रुपये. या वेळी नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या १८७९ सालच्या ‘अ डॉल्स हाऊस’चा शेवट होता, म्हणजे नोरा आपला नवरा हेल्मर आणि मुले यांना सोडून घराबाहेर पडते तो प्रवेश.

नोरा लग्नाची अंगठी परत करते त्या जागी वाचणाऱ्या बाई थांबल्या. त्यांची स्वतःची अंगठी पेरावरून पुढे सरकेना. ती तशीच फिरवत त्यांनी पुढची वाक्ये वाचली आणि ती आपोआप सावकाश झाली. पत्र लिहू का, असे हेल्मर विचारतो, नोरा नको म्हणते. सर्वांत मोठा चमत्कार घडून दोघेही बदलले, तरच आपल्या एकत्र राहण्याचा संसार होईल, एवढे सांगून ती निघून जाते, आणि शेवटी खालचा दरवाजा बंद झाल्याचा आवाज येतो. दरवाजाचा तो आवाज म्हणजे नात्याचा शेवट, असेच मी आजवर मानत आले होते. पण हेल्मर वाचणाऱ्या गृहस्थांनी ‘चमत्कार’ हा त्याचा अखेरचा उद्गार प्रश्नासारखा न वाचता, नवा शब्द शिकणाऱ्या माणसासारखा वाचला, आणि मला प्रथमच जाणवले की आठ वर्षे बायकोला चंडोल, खार अशा लाडक्या नावांनी हाक मारणारा हा माणूस शेवटी तिचाच शब्द तोंडात घेतो. मग तिचा निरोप नकार उरत नाही. ती एक अट होते, आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते.

जर्मन रंगभूमीसाठी इब्सेनने स्वतःच लिहिलेला पर्यायी शेवटही संचालिकांनी वाचून दाखवला. त्यात मुलांच्या खोलीच्या दाराशी नोरा कोसळते आणि घरातच राहते. इब्सेनला स्वतःलाही हा शेवट नाटकावरचा अत्याचार वाटे, आणि दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर ते मनापासून पटते. ही जोडणी हे या उपक्रमाचे सर्वांत मोठे बळ आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. छायाप्रतींवरील अक्षर फार बारीक आहे आणि चर्चेला अर्धा तास अपुरा पडतो. ध्वनिवर्धक नसतो, त्यामुळे पुढच्या दोन रांगांत जागा मिळेल अशा बेताने लवकर पोहोचावे. हेल्मरचा तो अखेरचा शब्द त्या गृहस्थांनी जवळजवळ पुटपुटला आणि मागे बसलेल्या अनेकांना तो ऐकूच आला नाही.