गॅस इंजिनचा वीजप्रकल्प: थेट युरोपातून की पुण्याच्या ठेकेदाराकडून?

कारखाना गोव्यातल्या वेर्णा-झुआरीनगर भागात आहे आणि दाभोळ-बंगळुरू वाहिनीचा गॅस मिळतोय, तर स्वतःच्या विजेचा विचार मनात येतोच. मग दोन कोटेशनं समोर येतात. एक युरोपातल्या कंपनीचं, उभारणीसकट. दुसरं पुण्याकडच्या ठेकेदाराचं: इंजिन परदेशीच, पण पॅनल, पाइपिंग, बॉयलर इथला.

गॅसच्या खपात म्हणावा तसा फरक मला दिसला नाही. फक्त हमी कुठल्या हवेवर दिलीय ते वाचा. इंजिनाचा मानक आकडा २५ अंशांचा असतो. आपल्या मे महिन्याला तो ठाऊक नाही. साइटवरच्या तापमानाचा आकडा दोघांकडूनही लिहून घ्या.

युरोत किंमत ठरली की शेवटच्या हप्त्यापर्यंत विनिमयदराची धाकधूक तुमची. दाभोळचा वीजप्रकल्प काही लांब नाही: डॉलरशी बांधलेला वीजदर, ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ला सुरू, २००१ला बंद. 'फिक्स्ड प्राइस' म्हणून निर्धास्त होऊ नका. फिनलंडचा ओल्किलुओतो-३ हा अणुवीजप्रकल्प तसाच घेतलेला. २००९चा वायदा, नियमित वीज २०२३ला, मधली बरीच वर्षं लवादात. उशिराची भरपाईही करारात ठरावीक टक्क्यांवर थांबते, बुडालेलं उत्पादन त्यात धरत नाहीत.

माझा काटा मात्र फिरवला तो पासवर्डने. आधीच्या नोकरीत प्रकल्प थेट परदेशी होता. चवथीच्या तोंडावर कूलिंगचा एक सेन्सर गेला, इंजिन ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. सेन्सर आमच्या स्टोअरमध्ये होता, ऑपरेटरने बसवलाही. पण नवा सेन्सर कंट्रोलरला ओळखून द्यायला पासवर्ड लागायचा, आणि तो फक्त त्यांच्या इंजिनिअरकडे. ऑगस्टात तिकडे अर्धा देश सुट्टीवर. शेवटी कोणीतरी दुरून लॉगिन करून काही मिनिटांत काम केलं आणि बिल युरोत पाठवलं. तोवर आम्ही वीज खात्याची वीज घेऊन डिमांड चार्जेस, म्हणजे विजेच्या मागणीवरचा आकार, भरत बसलो.

पुण्याच्या ठेकेदाराचं काम देखणं नाही. खाऱ्या हवेत त्याचा रंग लवकर सुटला, पेंटरला दोनदा बोलवावं लागलं. पण प्रोग्रामची प्रत आणि पासवर्ड हँडओव्हरच्या फायलीत आहेत, आणि त्याचा माणूस रात्रीच्या बसने निघून सकाळी पोचतो.

तुमचा प्रकल्प मोठा असेल, बँकेला परदेशी नावच हवं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही पासवर्डचं कलम ॲडव्हान्स देण्याआधी मागा. मी मागितलं होतं. 'वॉरंटी संपल्यावर बघू' असं उत्तर आलं.