यूडायस प्लसवरचं शाळेचं पत्रक पालकांच्या किती कामाचं?

जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल पालक पारावर भरपूर बोलतात आणि सभेत गप्प बसतात. कारण सगळ्यांना ठाऊक असतं: आपण गुरुजींच्या नजरेत आलो तर पोराला त्रास होईल. ही भीती खरी आहे, भाषणं ठोकून ती जात नाही. हातात कागद आला की मात्र ती बरीच कमी होते, आणि तो कागद शाळेनेच भरून दिलेल्या माहितीचा असेल तर आणखी. यूडायस प्लस या, शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची 'नो युवर स्कूल' ही सोय तो कागद, म्हणजे शाळेचं पत्रक, फुकट देते. 5 पैकी साडेतीन गुण. दीड गुण का कापला, ते पुढे येईलच.

शोधायला सोपं आहे. शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांक टाकायचा. महाराष्ट्रात तो 27ने सुरू होतो, पुढचे आकडे जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी शाळा असे येतात. शाळेच्या फलकावर नाहीतर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो सापडतो. नसेल तर पिनकोडवरून किंवा जिल्हा-तालुका निवडूनही यादी निघते. मग शैक्षणिक वर्ष निवडून पत्रक उतरवून घ्यायचं. मोबाइलवर उघडतं, पण अक्षर बारीक आहे. सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतलेलं बरं.

पत्रकात काय मिळतं? वर्गवार पट, शिक्षकांची संख्या आणि पात्रता, एकूण खोल्या, त्यातल्या चांगल्या किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती आणि मोठ्या दुरुस्तीच्या किती. मुलामुलींची स्वच्छतागृहं, त्यातली चालू किती. पाणी, वीज, ग्रंथालय, कुंपणभिंत, रॅम्प. केंद्रप्रमुख आणि गट पातळीवरच्या अधिकाऱ्यांच्या भेटी किती झाल्या, हेही. हा शेवटचा आकडा पालक हमखास सोडून देतात. तो वाचाच, शाळेकडे वरून किती लक्ष आहे ते त्यात दिसतं.

आता हा कागद वापरायचा कसा? समजा पहिली ते पाचवीची शाळा आहे आणि पट 68. शिक्षण हक्क कायदा, 2009च्या अनुसूचीप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 ते 90ला तीन. पत्रकावर तीन शिक्षक आहेत, प्रत्यक्षात दोघेच शिकवतात. तिसरा बहुतेक वेळा प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरत्या कामासाठी, दुसरीकडे असतो आणि पगारापुरता या शाळेच्या नावावर. 'आमच्या शाळेला शिक्षक द्या' या मागणीला 'भरती नाही' एवढंच उत्तर मिळतं. 'मंजूर तीन, नोंद तीन, हजर दोन. तिसऱ्यांची प्रतिनियुक्ती रद्द करा' असं लिहिलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण अधिकाऱ्यांना, उत्तर द्यावंच लागतं. याच पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेच्या निकषांत वर्षाला 25,000 रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान बसतं आणि त्यातली किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्चायची असते. म्हणजे 2,500 रुपये. फिनेल, झाडू, नळाची तोटी, दाराची कडी यांचा प्रश्न एवढ्यात सुटू शकतो.

पत्रकाची खोट अशी की ते 'आहे' आणि 'नाही' यावर चालतं. टाकी बांधलेली असेल तर पाण्याची सोय 'आहे', मग फेब्रुवारीनंतर टाकी कोरडी का असेना. स्वच्छतागृह चालू दाखवलेलं असतं आणि आत पाण्याचा पाइपच नसतो. त्यात आकडे मागच्या वर्षाचे, आणि पत्रक इंग्रजीत. गावातल्या आईला ते मराठीत मिळायला हवं. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत हे अजून झालेलं नाही याची खंत वाटते. एक गुण त्यापायी गेला. उरलेला अर्धा यासाठी की खोल्या किती ते कळतं, पण तिसरीतल्या मुलीला धडा वाचता येतो का, याचा पत्ता लागत नाही.

म्हणून पत्रक एकट्याने मिरवू नये. कागदावर चार रकाने आखा: पत्रक काय म्हणतं, प्रत्यक्ष काय आहे, कायद्यात किती हवं, काम कोणाकडे. तिघा-चौघांनी मिळून शाळेत जाऊन तो भरा, त्यात आयांना आवर्जून घ्या. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लागते की नाही, हे त्याच नेमकं पाहतात. भरलेला कागद सभेच्या दोन दिवस आधी मुख्याध्यापकांना द्या. सभेत अचानक काढला की त्यांना तो हल्ला वाटतो, आधी दिला की बऱ्याचदा तेच आणखी दोन मुद्दे जोडतात. कारण मागणी वर पाठवून दमलेले तेही असतात.

नाव पुढे येण्याची भीती असेल तर उपाय शिक्षण हक्क कायद्यातच आहे. कलम 21प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मागणी समितीच्या ठरावातून जाऊ द्या. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, आणि इतिवृत्तावर सह्या त्याच दिवशी. कोऱ्या वहीवर सह्या करून घरी जायची सवय सोडा, अर्धे ठराव तिथेच मरतात. पत्र जावक क्रमांकाने केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. एका पत्रात एकच काम. शिक्षक, छत आणि पोषण आहार एकत्र लिहिले की पत्र तीन टेबलांवर फिरतं आणि कुठेच थांबत नाही. एखाद्या शिक्षकाबद्दलची व्यक्तिगत तक्रार तर यात मुळीच मिसळू नका.

उत्तर आलं नाही तर याच कायद्याच्या कलम 32खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका यांसारख्या संस्थेकडे, लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, त्यापुढे अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. खर्चाचा तपशील हवा असेल तर माहिती अधिकार: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 150 शब्दांत एकच विषय. 'खर्च का केला नाही' असं विचारू नका, 'अनुदानाच्या रोकडवहीच्या आणि पावत्यांच्या प्रमाणित प्रती द्या' असं मागा. 'का'चं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, प्रत देणं आहे.

खाजगी विनाअनुदानित शाळेच्या पालकांना या रस्त्याचा फारसा उपयोग नाही, कलम 21 त्यांना लागू नाही. अनुदानित शाळेत समिती आहे, पण तिचं काम सल्ल्यापुरतं. जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिकेच्या शाळांसाठी मात्र पत्रक सप्टेंबरातच काढून ठेवा. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कुंपण, पाणी, स्वच्छतागृह घालून घेता येतं, आणि शाळा विकास आराखडा डिसेंबरअखेर तयार लागतो. मार्चमध्ये नेलेल्या मागणीला पुढच्या वर्षाचा निधी दाखवला जातो.