साथीत आयव्हीएफ: थांबायचं, गोठवायचं की सगळं आत्ताच करायचं?

मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. १७ मार्चला अमेरिकेतल्या प्रजनन-तज्ज्ञांच्या संघटनेनं नव्या सायकल, म्हणजे आयव्हीएफच्या फेऱ्या, सुरू करू नका म्हटलं, ब्रिटनमध्ये १५ एप्रिलच्या आत सगळे उपचार बंद करायला लावले, आणि आपल्याकडे २५ मार्चपासून लॉकडाऊन. माझी सात इंजेक्शनं झाली होती, फॉलिकल (अंडी वाढतात त्या पिशव्या) १४ मिलिमीटरवर होते. सायकल रद्द. औषधांचे पैसे गेले ते गेलेच. पुन्हा अशी लाट आली तर निर्णय तुमच्या हातात असेल, म्हणून हे लिहितेय.

थांबणं सगळ्यात स्वस्त. पस्तिशीच्या आत असाल, एएमएच (किती अंडी उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) बरा असेल, तर चार-सहा महिन्यांनी फार बिघडत नाही. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात तर अंडी कमी उरलेल्या बायकांमध्येही १८० दिवसांपर्यंतच्या उशिराने निकालात फरक पडला नव्हता. पण साथ १८० दिवसांत संपते कुठे? पहिली लाट ओसरली म्हणेपर्यंत एप्रिल २०२१ आला. चाळिशीला टेकलेल्या बाईनं दीड वर्ष थांबणं वेगळं. आणि किमोथेरपी सुरू व्हायची असेल तर थांबण्याचा विषयच नाही. तेव्हाच्या बंदीतूनही कॅन्सरच्या रुग्णांना वगळलं होतं.

आत्ता पिकअप करून (अंडी बाहेर काढून) भ्रूण गोठवायचे, ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) नंतर: माझं मत याला. वयाचं घड्याळ अंड्यांपुरतं थांबतं आणि गरोदरपण साथीबाहेर ढकलता येतं. लगेच ट्रान्सफर नसल्यानं ओव्हरी जास्त सुजण्याचा धोकाही कमी होतो. खर्च मात्र वाढतो: फ्रीजिंग, दरवर्षीचं भाडं, पुढच्या ट्रान्सफरचं वेगळं बिल.

खरी गोची ट्रिगरची, म्हणजे अंडी पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनची. आधीची इंजेक्शनं सुरू असताना कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर सायकल सोडता येते. ट्रिगर घेतल्यावर मात्र ३४ ते ३६ तासांत अंडी काढावीच लागतात, नाहीतर हातची जातात. नंतरच्या सायकलला आम्ही रात्री साडेदहाला ट्रिगर घेतला, सकाळी स्वॅब दिला आणि रिपोर्ट येईपर्यंत दोघंही फोन उलटा ठेवून बसलो. 'पॉझिटिव्ह आले तर पिकअप करणार का, नाही केलंत तर पैशांचं काय?' हे सही करण्याआधी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

नवऱ्याचंही बघा. जोराचा ताप येऊन गेला की शुक्रजंतू पुढचे दोन-तीन महिने कमी भरू शकतात. आधीच एक सॅम्पल गोठवून ठेवलेलं बरं.

फ्रेश ट्रान्सफर, म्हणजे न गोठवता लगेच भ्रूण सोडणं: एकाच फेरीत काम, म्हणून मोह होतो. पण मग गरोदरपणाचे पहिले तीन महिने लाटेत काढायचे. ट्यूबमध्ये गर्भ राहिला तर रात्री बेड कुठे मिळणार? लसीकरण जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालं, गरोदर बायकांना परवानगी जुलै उजाडल्यावर मिळाली. मधल्या काळात गरोदर राहिलेल्यांचे हाल मी वेटिंग रूममध्ये पाहिलेत. नवरे खाली पार्किंगमध्ये, सोनोग्राफी व्हिडिओ कॉलवर.

गोठवायचं ठरलं तर एक प्रश्न अजून: भ्रूण ज्यात गोठवून ठेवतात त्या टाकीत द्रव नायट्रोजन भरायला कोण येतं, आणि रस्ते बंद असले तर किती दिवसांचा साठा आहे? आमच्या ठिकाणी रिसेप्शनला सांगता येईना. शेवटी लॅबमधल्या मुलीनं वही दाखवली, तारखेनिशी.