आधी कोणती: ‘व्हील ऑफ टाइम’ की ‘मलाझान’?

दोन्ही इंग्रजी फँटसी (अद्भुतरम्य) कादंबऱ्यांच्या मालिका. स्टीव्हन एरिकसन यांची ‘मलाझान’ १० खंडांची, १९९९ ते २०११ मधली. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘व्हील ऑफ टाइम’चे मुख्य खंड १४; जॉर्डन २००७ साली वारले आणि शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांवरून पूर्ण केले. तरी एवढी लांब मालिका पहिल्यांदाच हाती घेणाऱ्याला मी जॉर्डनच सुचवेन. खेड्यातल्या पोरांबरोबर आपणही ते जग हळूहळू ओळखू लागतो. मधले खंड, विशेषतः दहावा, फार रेंगाळतात; पण तिथे सोडू नका, अकराव्यात कथा पुन्हा वेग घेते. ‘मलाझान’ सुरुवातीलाच युद्धाच्या मधोमध आणून सोडते, काही समजावत नाही. दुसऱ्या खंडात निर्वासितांना घेऊन निघालेल्या सैन्याची वाटचाल मात्र काळीज पिळवटते. तिच्यासाठी पहिला खंड धीराने संपवाच.