दुबईतील ट्रेडरांसाठी पुण्यातील एका करसल्ला सेवेविषयी अभिप्राय

दुबईत राहून मी भारतीय आणि अमेरिकी शेअर बाजारांत व्यवहार करते आणि करासंबंधीचा सल्ला पुण्यातील एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयाकडून घेते. या सेवेचे मोठे वैशिष्ट्य असे, की नफा किती झाला हे विचारण्याआधी तेथे पासपोर्ट कोणत्या देशाचा आणि गेल्या पाच वर्षांत मुक्काम कुठे किती दिवस, हे विचारले जाते व प्रवासाच्या नोंदींवरून दिवसांचा तक्ता करून घेतला जातो.

गोल्डन व्हिसा, म्हणजे अमिरातीचा दीर्घ मुदतीचा निवास परवाना, मिळाला म्हणजे करातून सुटका झाली, असा येथील अनेकांचा ठाम समज आहे. व्हिसा म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि केवळ व्हिसामुळे कोणी करनिवासी, म्हणजे कराच्या दृष्टीने त्या देशाचा रहिवासी, ठरत नाही. परदेशात राहणारा भारतीय नागरिक भेटीसाठी आला, तर एरवी वर्षात १८२ दिवस भारतात राहिल्यावर तो येथे करनिवासी ठरतो. परंतु त्याचे परदेशी उत्पन्न वगळता उर्वरित उत्पन्न १५ लाख रुपयांपेक्षा अधिक असल्यास आणि आधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात गेले असल्यास १२० दिवसही पुरतात. शिवाय भारतीय आयकर कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनुसार, असेच १५ लाखांवरील उत्पन्न असलेला भारतीय नागरिक निवासामुळे अन्य कोणत्याही देशात करपात्र नसेल, तर एकही दिवस भारतात न येता तो निवासी मानला जाऊ शकतो. अशा व्यक्तीचे परदेशी उत्पन्न सहसा करकक्षेबाहेर राहते, मात्र भारतातून नियंत्रित होणाऱ्या व्यवसायाचा नफा राहत नाही. म्हणूनच सुट्टीत पुण्याच्या घरी बसून ऑर्डर टाकता का, हा त्यांचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. साध्या गुंतवणूकदाराला कोणी हे विचारत नाही.

अमिरातीच्या कायद्यानुसार निवास परवानाधारकाला काही अटींवर ९० दिवसांतही करनिवासी ठरता येते, पण दुहेरी कर टाळण्यासाठी भारताशी असलेल्या करारात व्यक्तीसाठी १८३ दिवसांची अट आहे, हा भेद त्यांनी आपणहून दाखवला. भारतीय शेअरांच्या नफ्यावरील कर टाळायला अमिरातीच्या करनिवासी प्रमाणपत्राचा उपयोग होणार नाही, हेही स्पष्ट सांगितले: सूचीबद्ध शेअर वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर, त्यानंतर विकल्यास सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के.

माझे थोरले बंधूही दुबईतच राहतात, पण ते अमेरिकेचे नागरिक आहेत. अमेरिका आपल्या नागरिकांच्या जगभरातील उत्पन्नावर कर लावते. परदेशातील कमाईसाठी मिळणारी सूट पगाराला लागू होते, शेअरांच्या नफ्याला नाही, आणि भारतीय म्युच्युअल फंडांसाठी फॉर्म ८६२१ चा, म्हणजे परदेशी फंडांबाबतच्या अमेरिकी करअर्जाचा, जाचक हिशोब वेगळाच. हे काम आपल्या कक्षेतले नाही, असे सांगून कार्यालयाने त्यांना अमेरिकी सल्लागाराकडे जायला सुचवले. हा प्रामाणिकपणा मला शुल्काहून मोलाचा वाटतो.

उणिवाही आहेत. लेखी अहवाल कलमांच्या आकड्यांनी इतका भरलेला असतो, की सामान्य वाचकाला अर्थ लावण्यासाठी पुन्हा बैठक घ्यावी लागते, आणि तिचे शुल्क वेगळे पडते. जुलैत विवरणपत्रांची गर्दी असल्यामुळे उत्तरे उशिरा येतात. त्यामुळे पहिली बैठक डिसेंबर-जानेवारीत ठरवावी. ३१ मार्च उलटल्यावर भारतातील मुक्कामाचे दिवस कमी करता येत नाहीत.