केबल काढली, छत्री बसवली: सिडकोतल्या आमच्या घराचा अनुभव

केबलचं कनेक्शन बंद करून आमच्याकडे एक उन्हाळा, एक पावसाळा आणि चैत्रातला रथोत्सवही होऊन गेला. सगळे ऋतू पाहून झाल्यामुळे आता खात्रीने लिहिते. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते: डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकट छत्री, नक्की घ्या, ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून मालिका-सिनेमे दाखवणारी अॅप्स, एका वेळी एकच घ्या, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या 'फुकट चॅनेल'वाल्या अँटेनावर नाशिकमध्ये एक रुपयाही घालू नका.

आम्ही घरात तिघं. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, मिस्टर अंबडच्या कारखान्यातून. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे आणि घरातला टीव्ही सगळ्यात जास्त त्यांचाच आहे. केबल सोडण्याचा विचार करणाऱ्यांनी आधी हेच बघावं. टीव्ही कोणाचा आहे? आमच्या गल्लीत दोन घरांनी मुलांच्या सांगण्यावरून केबल काढली, मोठा स्मार्ट टीव्ही आणला, आणि घरातली म्हातारी माणसं शेजारी टीव्ही बघायला जायला लागली. मला ते करायचं नव्हतं.

केबल का सोडली, तर बिलामुळे. नाशिकमध्ये 2013 साली दुसऱ्या टप्प्यात केबलचं डिजिटायझेशन आलं, तेव्हा सेट-टॉप बॉक्स घ्यावाच लागला. मग 2019 मध्ये ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेचा, नवा नियम आला, की ग्राहकाने हव्या तेवढ्याच वाहिन्या निवडायच्या आणि तेवढ्याचेच पैसे भरायचे. कागदावर फार चांगला नियम. पण नुसतं कनेक्शन चालू ठेवायचे 130 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकही पैशांची वाहिनी न घेता 153 रुपये 40 पैसे. त्यावर मराठी मालिकांच्या वाहिन्या, मग खेळाच्या. प्रत्यक्षात वाहिन्या सुट्या निवडून देणारा माणूस आमच्या भागात कधी भेटलाच नाही, पॅकेजच गळ्यात पडायचं. त्या 130 रुपयांवरची मर्यादाही ट्रायने 2024 मध्ये काढून टाकली. आमचं बिल चारशेच्या आसपास गेलं तेव्हा मी एका वहीच्या पानावर घरात कोण काय बघतं ते लिहून काढलं. सासूबाई: सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या, कीर्तन, दोन मालिका आणि शहराच्या लोकल केबल चॅनेलवरचे कार्यक्रम. मिस्टर: क्रिकेट आणि बातम्या. मी: जुने सिनेमे. दोनशेहून जास्त वाहिन्यांमधून आमच्या कामाच्या दहासुद्धा निघाल्या नाहीत.

आता अँटेनाबद्दल. माझं बालपण ओझरच्या टाउनशिपमध्ये गेलं, गच्चीवर चढून अँटेना फिरवणाऱ्या पिढीतली मी आहे, त्यामुळे तोच पर्याय पहिल्यांदा मनात येणं साहजिक होतं. परदेशात राहणारे नातेवाईकही सांगतात, खिडकीत अँटेना लावा, हवेतून फुकट चॅनेल येतात. अमेरिकेत येतात. आपल्याकडे दूरदर्शनने जमिनीवरून होणारं जुनं अॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने जवळजवळ सगळीकडे बंद केलं. डिजिटल पद्धतीचं प्रक्षेपण 2016 मध्ये 16 शहरांत सुरू झालं, त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद होती, नाशिक नव्हतं. खासगी वाहिन्यांना तर आपल्याकडे जमिनीवरून प्रक्षेपण करायची परवानगीच नाही. म्हणजे नाशिकच्या हवेत पकडण्यासारखं काही नाही. तो चपटा काळा अँटेना कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी पकडणार काय? फुकट टीव्ही आपल्याकडे उपग्रहावरून येतो, त्यामुळे त्याला छत्रीच लागते.

ती छत्री म्हणजे प्रसार भारतीची डीडी फ्री डिश. 2004 च्या डिसेंबरमध्ये ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. एकदाच डिश, एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स आणि वायर घ्यायची. आम्ही एम. जी. रोडवरून सामान आणलं, बसवणावळ धरून सगळं 2,000 रुपयांच्या आत झालं, म्हणजे केबलच्या पाच महिन्यांच्या बिलात. बॉक्स घेताना एमपीईजी-4 वालाच मागा. जुना एमपीईजी-2 चा बॉक्स थोडा स्वस्त पडतो, पण बऱ्याच वाहिन्या त्यावर दिसत नाहीत. दुकानदार आपणहून हे सांगेलच असं नाही. काही नव्या टीव्हींमध्ये सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो, तसा असेल तर बॉक्सही लागत नाही. टीव्हीच्या मागे वायर पिळून बसवायची सॅटेलाइटची जागा आहे का ते आधी बघा.

बसवायला आलेला मुलगा हुशार होता, पण घाईत होता. कठड्याला दोन स्क्रू मारून निघायच्या बेतात होता. मी म्हटलं, "दादा, आषाढातला वारा बघितला आहेस ना इथला? चारही बोल्ट घाल, आणि वायरच्या जॉइंटला टेप गुंडाळ." तो म्हणाला, "मावशी, तुम्ही लाइनमधल्या दिसता." मग मात्र त्याने काम नीट केलं. खरंच, यात जॉइंटच महत्त्वाचा. पाणी शिरलं की तांबं काळं पडतं आणि चित्राचे चौकोन व्हायला लागतात. वायर एलएनबीच्या जरा खाली लोंबती ठेवून मग वर घ्यावी, म्हणजे पाणी त्या वळणावरून गळून जातं.

दिशेचं थोडं सविस्तर सांगते, कारण सिडकोत हाच प्रश्न येतो. फ्री डिश जीसॅट-15 या उपग्रहावर आहे, तो विषुववृत्ताच्या वर 93.5 अंश पूर्व रेखांशावर असतो. नाशिकहून तो आग्नेयेला येतो आणि क्षितिजापासून साधारण 57 अंश वर, म्हणजे बराच उंच. डिश मात्र त्या मानाने उभी दिसते, कारण तिचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. आपल्याकडे रो हाउसवर मजले चढवलेले असतात, शेजारची भिंत उंच असते, त्यामुळे लोक आधीच धीर सोडतात. पण उपग्रह इतका वर आहे की थोड्या अंतरावरची दुमजली इमारत आड येत नाही. आड येतं ते अगदी लागून असलेलं झाड. आमच्या मागच्या बाजूला नारळ आहे, म्हणून छत्री पुढच्या कठड्यावर घेतली.

दिसतं काय? सह्याद्री, डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स, हिंदी सिनेमांच्या बऱ्याच वाहिन्या, हिंदी बातम्या, भक्तीच्या वाहिन्या, शाळेच्या अभ्यासाच्या वाहिन्या, आणि आकाशवाणीही. आकाशवाणीचं मला फार अप्रूप आहे, सकाळी स्वयंपाकघरात टीव्हीच रेडिओसारखा लावून ठेवते. मराठी खासगी वाहिन्या मोजक्याच असतात. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यात मिळत नाहीत, हे मालिका बघणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं. शिवाय खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे आज असलेली वाहिनी पुढच्या एप्रिलमध्ये असेलच असं नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल एकदमच निघून गेल्या होत्या. तेव्हा माझ्या नणंदेला वाटलं बॉक्स बिघडला. बॉक्स बिघडलेला नसतो, रिमोटवरून चॅनेल पुन्हा स्कॅन करायचे असतात. मी ते दर महिन्याला करते.

मिस्टरांसाठी मात्र फ्री डिश केबलपेक्षा सरस ठरली. 2007 च्या कायद्यानुसार भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-20 सामने खासगी प्रसारकाला दूरदर्शनबरोबर वाटून घ्यावे लागतात. आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरच्या केंद्रांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं, खासगी केबलवर नाही. म्हणून केबलवर दूरदर्शन लावलं तरी सामन्याच्या वेळी सामना दिसायचा नाही, आणि त्यासाठी खेळाचं वेगळं पॅकेज घ्यावं लागायचं. आता तोच सामना आम्ही एकही पैसा न देता बघतो. आयपीएल यात येत नाही, हे लक्षात ठेवा.

पावसाचं खरं सांगायला हवं. संततधार असली तर काही होत नाही, पण ढग दाटून जोराची सर आली की चित्र जातं, दहा-पंधरा मिनिटांनी परत येतं. उपग्रहाकडून येणारा सिग्नल पावसाच्या थेंबांत विरतो, त्याला फिटरकडे इलाज नाही. वाईट याचं वाटतं, की गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं हे बघायची सगळ्यांना ओढ असते, नेमका तोच हा पाऊस. तेव्हा आम्ही मोबाइलवर यूट्यूब लावतो. मराठी बातम्यांच्या बहुतेक वाहिन्या तिथे थेट आणि फुकट दिसतात, त्यामुळे बातम्यांसाठी केबलला पैसे देण्याचं कारण मला तरी उरलेलं दिसत नाही.

आता ओटीटी. सासूबाईंच्या दोन मालिका दोन वेगळ्या घराण्यांच्या वाहिन्यांवर. झी मराठीचं झी5 वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचं जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीचं सोनीलिववर. केबलवर या वाहिन्या एका रांगेत होत्या, इथे प्रत्येकीचं दार वेगळं आणि तिकीट वेगळं. सगळी घेतली तर केबलचं बिल परत आलंच म्हणून समजा. आम्ही आईंना विचारलं, जास्त जीव कोणत्या मालिकेत आहे? त्यांनी लगेच सांगितलं, आणि तेवढंच एक अॅप घेतलं. दुसऱ्या मालिकेची गोष्ट त्यांना समोरच्या मावशी रोज सांगतात. प्लॅन घेताना एक गोष्ट बघा: जिओहॉटस्टार फेब्रुवारी 2025 मध्ये सुरू झालं तेव्हा 149 रुपयांचा तीन महिन्यांचा प्लॅन होता, पण तो फक्त मोबाइलवर चालणारा, टीव्हीवर बघायचं तर 299 चा. किमती बदलत राहतात, पण मोबाइलचा प्लॅन टीव्हीवर चालत नाही हे वाचूनच पैसे भरा. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर 2024 मध्ये वेव्ह्ज नावाचं अॅप आणलं आहे, त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. पावसात छत्री गेली की सह्याद्रीसाठी आम्हाला तेच उपयोगी पडतं.

ओटीटीचा हिशेब करताना इंटरनेटचं बिल विसरू नका. आमच्याकडे मुलगा पुण्याहून आला की घरून काम करतो, म्हणून फायबर आधीपासून होतं. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी केवळ टीव्हीसाठी घेतलं तर बचत होणार नाही. आणि आपल्या भागात फायबर देणारा बहुतेक वेळा केबलवालाच असतो. आमचाही तोच आहे. त्याच्याशी भांडून केबल सोडली नाही, बॉक्स परत दिला आणि पोच घेतली. तरी पुढच्या महिन्यात केबलचं बिल आलंच. पोच होती म्हणून ते लगेच रद्द झालं.

या सगळ्यात आम्ही एक गोष्ट खरोखर गमावली, ती म्हणजे लोकल केबल चॅनेल. सासूबाईंचं अर्धं आयुष्य पंचवटीत गेलं. कामदा एकादशीला काळाराम मंदिरातून निघणारे राम आणि गरुडाचे रथ त्या पूर्वी स्वतः बघायच्या, पाय थकल्यावर टीव्हीवर. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडल्या की त्याही तिथेच दिसायच्या. हे ना फ्री डिशवर आहे, ना कुठल्या मोठ्या अॅपवर. यंदा रथाच्या दिवशी मिस्टरांनी यूट्यूबवर शोधून कोणीतरी गर्दीतून केलेलं थेट प्रक्षेपण लावलं. चित्र हलत होतं, आवाज फाटत होता. आई म्हणाल्या, "रथ दिसला, पण आपल्या चॅनेलवाला कसा, कोणता रथ कुठे पोचला ते सांगायचा." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा ही उणीव आणखी जाणवेल. हे लोकल चॅनेल त्यांनी स्वतःच पूर्णवेळ यूट्यूबवर आणावं, मी त्याचे महिन्याला पन्नास रुपये आनंदाने देईन.

रिमोटचं मात्र आम्ही चांगलं जमवलं. फ्री डिशच्या रिमोटला नंबर आहेत, आणि म्हाताऱ्या माणसाला नंबरच हवा असतो. आवडत्या वाहिन्यांचे नंबर मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून टीव्हीशेजारी लावले, स्कॅननंतर बदलले तर पुठ्ठाही बदलते. टीव्ही सुरू केला की आधी छत्रीच लागते अशी व्यवस्था केली. मालिकेच्या वेळी मी किंवा मिस्टर अॅप लावून देतो, ते त्यांनी शिकावं असा हट्ट आम्ही धरला नाही.

छत्री बसवल्यावर तुम्हालाही कदाचित फोन येईल: "तुमच्या फ्री डिशची मुदत संपली, नूतनीकरणाचे पैसे भरा." आमच्या गल्लीत असे फोन आले आहेत. फ्री डिशला मुदत नाही, नूतनीकरण नाही, दर महिन्याचं काही भरायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, आणि ओटीपी कोणालाही देऊ नका.