क्रूझवरचं ड्रिंक्स पॅकेज: हंगामभराच्या वापरानंतरचा हिशेब

ड्रिंक्स पॅकेज म्हणजे दिवसाला ठरावीक रक्कम भरून, दर पेयाचे वेगळे पैसे न देता जहाजावर पेयं घ्यायची सोय. निकाल आधीच सांगून टाकतो. सिंगापूरहून सुटणारी तीन-चार रात्रींची क्रूझ असेल आणि नवरा-बायकोपैकी एकच जण घेणारा असेल, तर दारूचं पॅकेज घेऊ नका. दोघंही घेणारे, क्रूझ सात रात्रींची आणि त्यातले निदान तीन दिवस जहाज कुठेही न लागता समुद्रातच, असा योग असेल तर विचार करायला हरकत नाही. बाकीच्यांनी कागद-पेन घेऊन बसावं. ठाण्या-वाशीतल्या टूरवाल्यांच्या काउंटरवर हे गणित कुणी मांडून दाखवत नाही. तिथे ‘अनलिमिटेड’ एवढा एकच शब्द पुरतो.

पुढचा बराचसा मजकूर रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या डीलक्स बेव्हरेज, म्हणजे दारूच्या, पॅकेजबद्दल आहे. बाकी कंपन्यांचे नियम थोड्याफार फरकाने तसेच, जिथे वेगळे आहेत तिथे सांगतो.

पॅकेजचा भाव एक नसतो. जहाज, तारीख, सुट्ट्यांचा मोसम यांवर तो बदलतो आणि बुकिंग झाल्यावरही तुमच्या ऑनलाइन खात्यातल्या ‘क्रूझ प्लॅनर’मध्ये वर-खाली होत राहतो. हिशेबापुरते माणशी दिवसाला ७० डॉलर धरू. त्यावर १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे सक्तीची टिप, चढते. झाले ८२.६० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर माणशी रोजचे ७,४३४ रुपये. पॅकेज सगळ्या रात्रींसाठीच घ्यावं लागतं, मधलेच दोन दिवस घेता येत नाही. चार रात्रींचे दोघांचे झाले ५९,४७२ रुपये.

आता सुट्टं घेतलं तर? कॉकटेल १४ डॉलर, बिअर ९, मॉकटेल ८, कॅपुचिनो ५ आणि कोकचा कॅन ४ असे भाव धरा. सुट्ट्या पेयावरही तीच १८ टक्के टिप लागते, त्यामुळे तुलना करताना टिप दोन्हीकडे धरा किंवा दोन्हीकडे सोडा. पॅकेजचा भाव टिपेशिवाय आणि कॉकटेलचा टिपेसकट अशी तुलना केली की पॅकेज उगाच स्वस्त दिसतं, आणि नेमकी तीच तुलना सगळे करतात. सरळ भागाकार केला तर पैसे वसूल व्हायला रोज पाच कॉकटेल किंवा जवळजवळ आठ बिअर लागतात. रोज म्हणजे चढायच्या दिवशीही आणि बंदरावर फिरायला उतरलात त्या दिवशीही.

ठाण्यातल्या एका सरळ साध्या जोडप्याचा दिवस धरून पाहा. त्याच्या तीन बिअर आणि रात्री एक कॉकटेल: ४१ डॉलर. तिचं एक मॉकटेल आणि एक कॅपुचिनो: १३. एकूण ५४, टिपेसकट ६३.७२ डॉलर, म्हणजे साधारण ५,७३५ रुपये. चार दिवसांचे २२,९३९. पॅकेजपेक्षा ३६,५३३ रुपये कमी, आणि एवढ्यात कुणी हात आखडता घेतलेला नाही.

ती मॉकटेल घेते, मग तिच्यासाठी दारूचं पॅकेज का धरलं? कारण नियमच तसा आहे. एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की त्या केबिनमधल्या, कायद्याने पिण्याच्या वयात बसणाऱ्या प्रत्येकाने ते घ्यायचं. कार्निव्हल कंपनीच्या ‘चीअर्स’ पॅकेजलाही हाच नियम आहे. एकाच्या पॅकेजवर चौघांनी प्यायची सोय कंपनीला बंद करायची असते. पण आपल्याकडच्या बहुतेक जोडप्यांचं गणित इथेच बसतं: घेणारा एक, पैसे दोघांचे. त्याला एकट्याने रोज दहा कॉकटेल रिचवावी लागतील, तेव्हा कुठे तोंडमिळवणी होईल. न घेणाऱ्या जोडीदाराला बिनदारूचं ‘रिफ्रेशमेंट’ पॅकेज लावून मिळेल का, हे कंपनीला फोन करून आधी विचारा. क्रूझ प्लॅनर स्वतःहून तो पर्याय दाखवत नाही. ‘होय’ मिळालं तर ते ईमेलवर घ्या.

वयाची मेख याहून बारीक आहे. रॉयलच्या सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर पिण्याचं वय १८, अमेरिकेतून सुटणाऱ्यांवर २१. म्हणजे बारावी झालेला, अठरा पूर्ण केलेला मुलगा आई-वडिलांच्या केबिनमध्ये असेल तर सिंगापूरला तोही ‘प्रौढ’ आणि त्याचंही पॅकेज. तीन डोकी, चार रात्री: ८९,२०८ रुपये. दोन कुटुंबं मिळून जात असतील तर घेणाऱ्यांची नावं एका केबिनवर आणि न घेणाऱ्यांची दुसऱ्यावर लावायची युक्ती सर्रास चालते. शेजारच्या केबिन असतील तरच करा. आणीबाणीत जमायचं ठिकाण, मस्टर स्टेशन, केबिनवरून ठरतं आणि हजेरीही तिथेच होते. एक केबिन चौथ्या डेकवर नि दुसरी दहाव्यावर असेल तर नवरा-बायको वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहतील.

आता प्रत्यक्ष वापर. बारवर केबिनचं कार्ड द्यायचं, स्कॅन झालं की बारवाल्याला तुमचा फोटो आणि पॅकेज दिसतं. एका वेळी एक ग्लास. बायकोचा हवा असेल तर तिचं कार्ड लागतं, आणि दुसऱ्याला दारू पाजताना पकडलं गेलात तर पॅकेज रद्द, पैसे परत नाहीत. पावतीवर पेयाची किंमत छापून येते, खाली तेवढीच सूट वजा होते, बाकी शून्य. त्याच्याही खाली एक रिकामी ओळ असते: जादा टिप. ती भरलीच पाहिजे असं काही नाही, टिप पॅकेजमध्ये आधीच गेलेली असते. सही करताना तिथे आडवी रेघ मारा. जड पाकिटाच्या माणसाने एक-दोन डॉलर लिहिले तर बारवाला पुढच्या वेळी लांबूनच ओळखतो, हेही खरं.

पेयाच्या किमतीला मर्यादा असते, रॉयलवर १४ डॉलर. सोळाचं कॉकटेल घेतलं तर वरचे दोन डॉलर आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे २.३६ तुमच्या खात्यावर चढतात. वाइनची अख्खी बाटली, केबिनमधला मिनिबार, रूम सर्व्हिस, आठवणीसाठी देतात तो रंगीत ग्लास, हे सगळं पॅकेजबाहेर. स्टारबक्सची कॉफीही बाहेर. कॅफेतली एस्प्रेसो-कॅपुचिनो आत. कार्निव्हलवर २४ तासांत दारूची १५ पेयं आणि दोन पेयांत निदान पाच मिनिटांचं अंतर. प्रिन्सेस कंपनीच्या ‘प्लस’ पॅकेजमध्येही दिवसाला १५. पंधरा ही संख्या ऐकून कुणी हिरमुसत असेल तर त्याचा प्रश्न पॅकेजचा नाही. चकणा मात्र कुठेच नाही, बुफेतून फ्राइज उचलून आणायच्या.

वेळेचा हिशेबही धरा. तीन रात्रींच्या क्रूझवर दुपारी चढता आणि चौथ्या दिवशी सकाळी सात-आठला उतरायची घाई असते. मध्ये पेनांगसारख्या बंदरावर आठ तास जमिनीवर, तिथे पॅकेजचा उपयोग शून्य. पैसे तीन दिवसांचे भरलेत, बारसमोर निवांत बसायला मिळतात जेमतेम दोन.

न घेणाऱ्यांच्या पॅकेजांबद्दल थोडक्यात. रिफ्रेशमेंट पॅकेज रोजचे ३२ डॉलर धरलं तर वसूल व्हायला रोज चार मॉकटेल लागतात, किंवा दोन मॉकटेल, दोन कॉफी आणि वर दीड कोक. फारच थोड्यांना जमतं. सोडा पॅकेज १३ धरलं तर रोज सव्वातीन कॅन. मुलांना ते आवडतं, कारण सोबत मिळणारा कोका-कोला फ्रीस्टाइलचा ग्लास यंत्राखाली धरला की डझनावारी चवी निघतात. ग्लासच्या बुडाला चिप असते, ती वाचूनच यंत्र चालतं आणि एकदा भरल्यावर काही मिनिटं पुन्हा भरू देत नाही. रोज चार कोक पोराला पाजायचे की नाही, हा निर्णय घरचा.

त्याआधी फुकट काय आहे ते पाहा, कारण आपली मंडळी नेमकी तिथेच पैसे घालवतात. पाणी फुकट आहे. जहाजावरचं नळाचं पाणी समुद्राचं पाणी गोडं करून, क्लोरीन घालून केलेलं असतं, पिण्यालायक असतं. रिकामी बाटली न्या आणि बुफेतल्या यंत्रावर भरा; बाटलीबंद पाण्याचा खोका आधीच बुक करायची गरज नाही. बुफेत लिंबू सरबत, आइस टी, साधी कॉफी, सकाळचा ज्यूस, दूध हेही भाड्यातच. चहाची बोंब आहे खरी: टी-बॅग आणि कोमट दुधाची इवलीशी कुपी. कॉफी काउंटरवर गरम दूध मागितलं तर देतात. त्यात दोन टी-बॅग पाच मिनिटं मुरवल्या की चहाच्या जवळपास जाणारं काहीतरी होतं. घरून चहाच्या प्रीमिक्सच्या पुड्या नेणं सगळ्यांत सोपं. प्रवासी किटली किंवा पाणी तापवायची कॉइल नेऊ नका, सामानाच्या तपासणीत काढून घेतात.

आणखी एक सवलत कुणी सांगत नाही: रॉयलच्या नियमात चढायच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची वाइनची एक बाटली हातातल्या बॅगेतून नेता येते. मोठ्या बॅगेत टाकलीत तर ती बॅग केबिनपर्यंत पोहोचत नाही, सिक्युरिटीत अडकते. एका बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. जहाजावर ग्लास १२ डॉलरला धरला तर टिपेसकट ७०.८० डॉलरची वाइन तुम्ही दुकानाच्या भावात नेलीत. केबिनच्या बाल्कनीत प्यायलात तर काही लागत नाही. रेस्टॉरंटमध्ये उघडून मागितलीत तर कॉर्केज, म्हणजे बाटली उघडून द्यायचे पैसे, द्यावं लागतं. आपल्या प्रवासाच्या अटींत हा नियम एकदा वाचून घ्या.

बुकिंगसोबत ‘पर्क्स’, म्हणजे सवलती, म्हणून जे गळ्यात मारलं जातं, त्यात ‘फ्री’ या शब्दाला सगळ्यांत जास्त जपावं. नॉर्वेजियन कंपनीच्या ‘फ्री अ‍ॅट सी’ योजनेत दारूचं पॅकेज फुकट, पण त्याच्या मूळ किमतीवर २० टक्के टिप भरावी लागते. मूळ किंमत दिवसाला १०९ डॉलर धरू. माणशी रोजचे २१.८०. सात रात्री, दोघं: ३०५.२० डॉलर, म्हणजे २७,४६८ रुपये. फुकटच्या मानाने दणदणीत, आणि तरीही अलास्का-युरोपच्या लांब क्रूझवर घेणाऱ्या जोडप्याला हेच सगळ्यांत परवडतं, कारण रोज दोघांत तीन-चार पेयं झाली की वसूल. न घेणाऱ्याने ही योजना काढून टाकलेलं भाडं किती पडतं ते विचारावं.

मागून घ्यावी अशी खरी सवलत म्हणजे रोजची क्रू ग्रॅच्युइटी. ही पेयांवरच्या टिपेपेक्षा वेगळी. रॉयलच्या साध्या केबिनला माणशी दिवसाला १८.५० डॉलरच्या आसपास, चार रात्री दोघांचे १४८ डॉलर. टूरच्या भावात ती धरली आहे की नाही, हा पहिला प्रश्न विचारा. वायफाय लागणार असेल तर घरूनच बुक करा, जहाजावर महाग पडतं. दर एका उपकरणाचा असतो, दोघांनी आळीपाळीने लॉगइन केलं तर एकात भागतं. फोन विमान मोडवरच ठेवा. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क साध्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये सहसा येत नाही आणि बिल डोळे पांढरे करणारं येतं. ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला खात्यात टाकलेली रक्कम, मिळालं तर ते परत मिळणारं आहे का ते बघा. नसेल तर शेवटच्या रात्री उरलेलं बुडतं.

घ्यायचंच ठरलं, तर बुकिंग होताच क्रूझ प्लॅनरमध्ये त्या दिवशीच्या भावाला घेऊन ठेवा आणि अधूनमधून डोकावत राहा. भाव उतरला की जुनं रद्द करून नवीन घ्यायचं, रद्द करायची मुदत गाठून. जहाजावर चढल्यावर घेतलेलं पॅकेज बहुधा सगळ्यांत महाग असतं. पहिल्या दिवशी प्रत्येक जिन्यापाशी टेबल मांडून जी आग्रहाची विक्री चालते, तिला हसून पुढे जा.

मुंबईहून जाणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझची गोष्ट जरा निराळी. जहाज बॅलार्ड पिअरवरून सुटतं, भाव रुपयांत, डॉलरची कटकट नाही. ठाण्याहून लोकलने सीएसएमटी आणि तिथून टॅक्सी. नवी मुंबईहून अटल सेतूने शिवडीला उतरून ईस्टर्न फ्रीवे धरला की सोपं. पण मुंबई-गोवा दोन रात्रींच्या सहलीत पॅकेजला वावच थोडा. लक्षद्वीपच्या सहलीत बेटावर दारूबंदी आहे (बंगारम वगळून), त्यामुळे जे काही ते जहाजावरच. मेनूवरच्या भावात कर धरलेत का, एवढं पहिल्या ऑर्डरलाच विचारून घ्या.

पैसे चुकते करण्याबद्दल. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचा ३.५ टक्के मार्कअप आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के जातात. मार्कअप नसलेलं कार्ड असेल तर जहाजावरच्या खात्याला तेच जोडा. आंतरराष्ट्रीय वापर बँकेच्या अ‍ॅपमध्ये सुरू केलाय ना, हे घरातून निघण्यापूर्वी पाहा. ‘रुपयांत बिल करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर जहाजवाल्यांचा असतो. डॉलरमध्येच होऊ द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडू नका, रोज अंदाजे रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला उतरल्यावरही काही दिवस जातात.

शेवटच्या संध्याकाळी, जेवणापूर्वी, अ‍ॅपमध्ये खात्याची ओळ न् ओळ तपासा. पॅकेज असूनही पूर्ण किमतीला चढलेलं पेय, दोनदा चढलेली कॉफी, न घेतलेला मिनिबार अशा गोष्टी निघतात, आणि गेस्ट सर्व्हिसेसला त्या संध्याकाळी दहा मिनिटांत दुरुस्त होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे बॅगांसकट रांग असते. जहाजावरच्या दुकानातून घेतलेल्या दारूच्या बाटल्या त्याच रात्री किंवा उतरताना हातात पडतात. भारतात येताना करमुक्त मर्यादा माणशी दोन लिटर, आणि विमानात त्या मोठ्या बॅगेत जायला हव्यात.